शिफ्ट कुणाची?

मैत्रिणींनो, काही इंग्रजी शब्द आपल्या मराठीत पाहुण्यासारखे येतात, चहा घेतात आणि जातात. काही मात्र घरजावई होऊन राहतात. असाच एक शब्द म्हणजे ‘शिफ्ट’. तुमच्या गावी तो कितपत बोलला जातो कोण जाणे, पण आमच्या बोईसर-तारापूरकडे सकाळी दूधवाल्याच्या तोंडी तो येतो आणि रात्री दिवा मालवताना घरधन्याच्या. मधल्या वेळात त्याचे किती अर्थ होतात, हे मोजायला बसलात तर दोन्ही हातांची बोटं पुरायची नाहीत.

माझं माहेर पालघरचं. लग्न होऊन बोईसरला आले. अंतर म्हणाल तर गाडीने मध्ये फक्त उमरोळी स्टेशन. पण दोन गावांची घड्याळं अगदी वेगळी! पालघरला आमचा दिवस शाळेच्या घंटेवर आणि मुंबईच्या गाड्यांवर चालायचा. बोईसरला आले तर दिवस चालतो भोंग्यावर. एका अंगाला तारापूरचं अणुवीज केंद्र, देशातलं पहिलं, 1969 च्या ऑक्टोबरपासून वीज देऊ लागलेलं. दुसऱ्या अंगाला एम.आय.डी.सी.चे कारखाने. नाव तारापूरचं, पण गजबज सगळी बोईसरची. नव्या नवरीला शेजारणी काय विचारतात? माहेर कुठलं, शिक्षण किती. मला पहिल्याच दिवशी विचारलं, “तुमच्या ह्यांची शिफ्ट कोणती हो?”

तर ही झाली पहिली शिफ्ट, कारखान्याची. फर्स्ट, सेकंड, नाईट आणि चौथी ती जनरल. शिफ्ट ‘लागते’, शिफ्ट ‘सुटते’, ‘बदलून घेतात’, सोबती आला नाही तर ‘डबल करतात’. जनरलवाल्याच्या बायकोकडे आम्ही जरा हेव्यानेच बघायचो. तिचा नवरा सकाळी जाणार आणि दिवेलागणीला घरी येणार, अगदी गोष्टीतल्या नवऱ्यासारखा!

दुसरी शिफ्ट शाळेची, मोठ्याची सकाळची आणि धाकटीची दुपारची. तिसरी बिऱ्हाडाची. भाड्याची खोली सोडून मंडळी दुसरीकडे ‘शिफ्ट होतात’, मग टेम्पोत कपाट, पाट-वरवंटा आणि वर उलटी ठेवलेली खुर्ची. चौथी दवाखान्याची. “पेशंटला आय.सी.यू.तून जनरल वॉर्डात शिफ्ट केलं” हे वाक्य ऐकल्यावर दाराबाहेर बसलेल्या बाईच्या चेहऱ्यावर जे उमटतं, ते पाहिलं की वाटतं, या शब्दाचा सगळ्यात गोड अर्थ हाच. आणि पाचवी टाइपरायटरची. आमच्यातल्या बऱ्याच जणींनी मॅट्रिकनंतर टायपिंगचा क्लास केला आहे. रेमिंग्टनच्या अगदी पहिल्या यंत्रावर नुसती मोठी इंग्रजी अक्षरं होती. 1878 च्या दुसऱ्या यंत्रावर शिफ्टची कळ आली आणि एकाच बटणावर दोन अक्षरं बसली. आज मोबाईलवर नातवंडांची बोटं नाचतात, तिथेही ती कळ आहेच.

आता तुम्ही म्हणाल, या सगळ्याला आपल्याकडे शब्द नव्हता का? होता की! ‘पाळी’. दिवसपाळी, रात्रपाळी, तीन पाळ्यांत चालणारी गिरणी. किती सुरेख शब्द आहे पाहा. शेतकरी वखराच्या पाळ्या देतो, मुलं पाळीपाळीने झोके घेतात, पंगतीत वाढायची पाळी येते. ‘पाळी’ म्हटलं की ती फिरणार आणि आज तुझी तर उद्या माझी येणार, हे त्यात आलंच.

मग हा शब्द आमच्या चाळीतून हद्दपार का झाला? तुम्ही ओळखलंच असेल. “ह्यांची पाळी आहे” असं म्हणायचं तरी कसं! चारचौघांत हसू फुटायचं. आपली ती ‘पाळी’ आपण आधीच आडोशाला ठेवलेली. कुणी ‘कावळा शिवला’ म्हणायचं, कुणी ‘बाहेरची’, कुणी ‘अडचण’. त्या संकोचापायी कारखान्याची पाळीसुद्धा ‘शिफ्ट’ झाली. वर्तमानपत्रांनी रात्रपाळी जपली, घरातल्या बोलण्यातून मात्र ती गेली.

गंमत पुढेच आहे. ज्या शब्दाच्या आडोशाला आपण गेलो, तो शब्द एके काळी इंग्रजीतही लाजेचाच होता. बायकांच्या आतल्या झग्याला तिकडे ‘शिफ्ट’ म्हणत. अंगावरून वारंवार बदलायचं वस्त्र म्हणून शिफ्ट. 1907 च्या जानेवारीत आयर्लंडमध्ये, डब्लिनच्या अ‍ॅबी थिएटरात जे. एम. सिंग यांच्या ‘द प्लेबॉय ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड’ या नाटकाचा पहिला प्रयोग चालू होता. प्रेक्षक आधीपासून कुरकुरत होतेच, पण एका पात्राच्या तोंडी हा शब्द आला आणि थिएटरात गोंधळ माजला! म्हणजे पाहा, त्यांनी ज्या शब्दावरून दंगा केला, तोच शब्द आपण सभ्य म्हणून घरात घेतला. शब्दाला बिचाऱ्याला लाज नसते, ती आपण त्याला चिकटवतो.

पण ‘शिफ्ट’च्या आडोशाला लाजच लपते असं नाही, कधी दुःखही लपतं. बिऱ्हाड शिफ्ट होतं ते आपल्या मर्जीने. तारापूरला अणुवीज केंद्राचे तिसरा आणि चौथा असे दोन मोठे संच आले, 540 मेगावॅटचे. 2005 आणि 2006 साली ते रीतसर वीज देऊ लागले. त्यांच्यासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठवावी लागली. कागदावर शब्द ‘पुनर्वसन’, बोलण्यात ‘गाव शिफ्ट केलं’. किती हलका वाटतो ना, जसं काही कपाट या भिंतीवरून त्या भिंतीला लावलं! पण घर शिफ्ट होतं, अंगणातलं झाड होत नाही, देवाची जागा होत नाही, किनाऱ्याची ओढ होत नाही. आपल्या घरात जी वीज येते, तिच्यासाठी कुणाची तरी चूल हलली आहे, एवढं आपण बायकांनी तरी लक्षात ठेवावं. चूल हलवणं म्हणजे काय, हे आपल्याखेरीज कुणाला कळणार?

उलट कधी शिफ्ट होण्याने सोयही होते, हेही सांगायला हवं. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा झाला आणि जिल्ह्याच्या कचेऱ्या ठाण्याऐवजी पालघरला आल्या. जव्हार-मोखाड्याच्या बाईला एका कागदासाठी ठाणे गाठावं लागत होतं, तो हेलपाटा वाचला. शब्द तोच, पण कोण हलतंय आणि कुणाच्या सोयीसाठी, यावर त्याची चव ठरते.

आमच्याकडे मासे घेऊन येणाऱ्या मुरब्याच्या मावशींची तर शिफ्टच न्यारी. कधी सकाळी सातला हाक, कधी अकराला. मी एकदा म्हटलं, “मावशी, तुमची काही ठरलेली वेळच नाही!” त्या टोपली उतरवत म्हणाल्या, “बाय, दर्याची शिफ्ट काय रोज एकच असते काय?” खरंच होतं त्यांचं. आपल्या कोकणकिनाऱ्याचा जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. म्हणजे रोज भरती जवळजवळ पाऊण तासाने पुढे सरकते. खाडीत पाणी भरलं की होड्या आत येणार, मग मासळीची वाटणी, मग बाजार, मग घरचा स्वयंपाक. त्या बाईचं घड्याळ भिंतीवर नसतं, चंद्रावर असतं. कारखान्याचा भोंगा यायच्या कितीतरी आधीपासून आपल्या या किनाऱ्यावर शिफ्ट चालू आहे, फक्त तिला कुणी ते नाव दिलं नव्हतं.

आता जरा आपल्या खास विषयाकडे येते, तो म्हणजे नाईट शिफ्ट. ज्यांच्या घरी ही असते, त्यांना सांगायला नको. नवरा सकाळी येऊन झोपतो आणि घरातली बाई दिवसभर चवड्यांवर चालते. कुकरची शिट्टी नको, रेडिओ नको, मुलांना शेजारी पाठवा, दारावरच्या बोहारणीला खुणेनेच परत पाठवा. एका खोलीच्या घरात हे किती कठीण असतं! यात बायको उगाच लाड करते असं समजू नका. माणसाच्या शरीरात एक घड्याळ असतं आणि ते उजेडावर चालतं. त्याचा अभ्यास करणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना 2017 साली नोबेल पारितोषिक मिळालं. दिवसाची झोप रात्रीच्या झोपेइतकी गाढ लागत नाही, ती तुटते. वर्षानुवर्षं रात्री जागून काम करणं शरीराला इतकं जाचक, की जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2007 साली, आणि पुन्हा 2019 साली, अशा रात्रपाळीची नोंद कर्करोगाच्या संभाव्य कारणांत केली. घाबरून जाऊ नका, पण झोपेची हेळसांडही करू नका. खिडकीला जाड, गडद पडदा लावा. घरी यायच्या आधीचा शेवटचा चहा टाळायला सांगा. जेवण हलकं द्या. आणि शिफ्ट बदलायचीच असेल तर फर्स्टनंतर सेकंड, सेकंडनंतर नाईट हा क्रम शरीराला त्यातल्या त्यात सोपा जातो, उलटा क्रम जड जातो.

ही झोप आपल्या एका घरापुरती नसते. अमेरिकेतल्या थ्री माईल आयलंडचा अपघात 28 मार्च 1979 च्या पहाटे चारला झाला. आपल्या भोपाळची वायुगळती 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मधल्या रात्री. चेर्नोबिलचा स्फोट 26 एप्रिल 1986 ला रात्री दीडच्या आत. प्रत्येकाची कारणं वेगळी आणि पुष्कळ, पण वेळ तिन्हींची रात्रीची, माणूस पेंगुळण्याची. रसायनांच्या आणि अणुवीज केंद्राच्या शेजारी राहणाऱ्या आम्हा बायकांना वाटायचं, रात्री व्हॉल्व्हवर हात ठेवणारा माणूस दिवसा नीट झोपलेला असणं, ही गावाच्या सुरक्षिततेचीच गोष्ट आहे. ती झोप राखते कोण? दुपारी दारात बसून तांदूळ निवडणारी, आणि चिमणीलासुद्धा ‘हूश’ न म्हणता हाताने उडवणारी बाई. तिची हजेरी कुठल्या मस्टरवर लागते?

1948 च्या कारखाना कायद्याने बायकांना कारखान्यात रात्री कामाला ठेवायची मनाई केली होती. हेतू चांगला होता, आणि अलीकडे अटी घालून ती मनाई सैल झाली आहे. पण तान्ह्या बाळाने तो कायदा कधी वाचला नाही, आणि दम्याने जागणाऱ्या सासऱ्यांनीही नाही! अमेरिकेत आर्ली हॉक्शिल्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1989 साली एक पुस्तक लिहिलं. नोकरी करणारी बाई घरी येऊन जे काम करते, त्याला त्यांनी नाव दिलं ‘सेकंड शिफ्ट’. पुस्तकाचं नावही तेच. नाव चपखल आहे. पण बोईसरकर म्हणून मला त्यात एक खोट दिसते. सेकंड शिफ्ट सुटते हो! तिचा भोंगा होतो. शिवाय सुटताना एक गोष्ट घडते, आणि तीच शिफ्टचा खरा प्राण आहे. ती म्हणजे चार्ज देणं.

‘हे’ घरी सांगायचे, पुढचा माणूस आल्याशिवाय प्लांट सोडायचा नाही. आल्यावर त्याला सांगायचं, कोणता पंप चालू, कोणता बंद, कशाचं तापमान चढतंय. सगळं लॉगबुकात लिहायचं, सही करायची, मग निघायचं. मी ऐकायची आणि पोळ्या लाटायची.

1994 च्या पावसाळ्यात मला टायफॉइड झाला. दहा दिवस दवाखान्यात होते. तिसऱ्या दिवशी ‘हे’ नाईट करून तसेच आले. शर्टाच्या खिशात कागद, त्यावर प्रश्न लिहिलेले. गॅसचा नंबर कधी लावायचा? दुधाचे किती दिवस खाडे? धाकटीचा डोस कितव्या तारखेला? मोठ्याच्या युनिट टेस्टच्या वहीवर सही कुठली? विरजण कशात असतं? चौदा प्रश्न होते, मी मोजले. ‘हे’ कंटाळून म्हणाले, “प्लांटमध्ये असं चार्ज न देता कुणी गेलं तर मेमो मिळतो!” मी उशीवरूनच म्हटलं, “चार्ज घ्यायला कुणी आलंच नव्हतं ना.”

दोघंही हसलो. पण ते वाक्य ह्यांच्या मनात कुठेतरी बसलं असावं. मी घरी आले तेव्हा स्वयंपाकघरात कालनिर्णयच्या शेजारी खिळ्याला एक दोनशे पानी वही टांगलेली होती. पहिल्या पानावर गेल्या दहा दिवसांचं सगळं लिहिलेलं. दूध किती, औषध कधी, इस्त्रीला कपडे किती. खाली चक्क सही!

पुढे आम्ही तक्ताच केला. ह्यांची फर्स्ट असली की संध्याकाळचा अभ्यास आणि भाजी ह्यांच्याकडे. सेकंड असली की सकाळचं पाणी भरणं आणि मुलांचे डबे. नाईटच्या आठवड्यात फक्त संध्याकाळचं दूध, बाकी झोप. आणि रविवारी दुपारी दोन ते पाच माझी वीकली ऑफ. चाळीत हशा झाला. “वहिनींनी घराची एम.आय.डी.सी. केली!” असं म्हणाले लोक. पहिल्या महिन्यात डाळ दोनदा करपली, डब्यात पोळीऐवजी नकाशे गेले. जाऊ द्या. करपलेल्या डाळीने कुणी मरत नाही.

सासूबाई त्या वेळी आमच्याकडेच होत्या. मला वाटलं, त्या रागावतील. त्यांनी दोन दिवस वही न्याहाळली आणि मग एक गोष्ट सांगितली, ती मी अजून विसरले नाही. त्या म्हणाल्या, “आमच्या घरात चार जावा. भाकऱ्यांची पाळी, पाण्याची पाळी, गोठ्याची पाळी, सगळं फिरायचं. एकीला बाजूला बसावं लागलं तर दुसरी तिची पाळी घ्यायची. विटाळ वाईटच गो, पण ते तीन दिवस पाठ टेकायची. आम्हाला वही लागली नाही. तुझ्या घरात जाऊच नाही. मग तुझी पाळी घेणार कोण?”

मैत्रिणींनो, आमच्या बोईसरसारख्या गावांत काय झालं, ते या एका वाक्यात आहे. नोकरीसाठी आपण मोठ्या घरातून दोन खोल्यांत शिफ्ट झालो. सासुरवास सुटला, मोकळा श्वास मिळाला, ते चांगलंच झालं. बाजूला बसणं गेलं, तेही चांगलंच झालं. पण त्या गडबडीत पाळी घेणारी माणसंही मागे राहिली. जावांचं काम एकीच्या अंगावर आलं आणि त्याला कुणी हरकत घेतली नाही, कारण ते काम दिसतच नव्हतं. ते सगळं त्या एकीच्या डोक्यात होतं.

शिफ्ट या शब्दाचा अगदी जुना अर्थ काय होता ठाऊक आहे? हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘शिफ्ट’ म्हणजे वाटून देणं, वाटणी लावणं. हलवणं, बदलणं हे अर्थ मागाहून चिकटले. मला हे कळलं तेव्हा सासूबाईंची ‘पाळी’ आणि ह्यांची ‘शिफ्ट’ एकमेकींना बहिणी-बहिणींसारख्या भेटल्याचं वाटलं. दोघींचं मूळ एकच, काम एकाच्या माथ्यावर ठेवायचं नाही.

म्हणून म्हणते, हा शब्द आपल्या घरी इतका रुळला आहेच, तर त्याचा हा अर्थही वापरून बघा. भांडून नव्हे, टोमणे मारून तर नव्हेच. फक्त डोक्यातलं कागदावर काढा. उद्या काय भिजत घालायचं, कुणाची फी कधी भरायची, कुणाची गोळी जेवणाआधी आणि कुणाची नंतर. कागद भिंतीवर लावा, घरातल्या सगळ्यांना दिसेल असा. जे दिसतं ते वाटून घेता येतं. मुलगा आणि मुलगी असा भेद त्यात करू नका, डबे दोघांनाही भरता येतात. आणि ज्याने जे काम घेतलं, त्याच्या मागे उभं राहून “असं नाही, तसं” करू नका. चार्ज दिला म्हणजे दिला, मग व्हॉल्व्हवर आपला हात नको!

आज रात्री सगळी आवराआवर झाली की एकदाच विचारून पाहा, “माझी शिफ्ट सुटली. चार्ज कोण घेतंय?” पहिल्या दिवशी घरातले हसतील. हसू द्या. दुसऱ्या दिवशीही विचारा.